नऊ नंबरची लेस

१

सोमवारी सकाळी रुचा टिळेकर कॉलेजच्या खेळाच्या हॉलमध्ये शिरली, ओला रेनकोट खुर्चीवर टाकला आणि काचेच्या कपाटापाशी येऊन थबकली. २०१६ सालची जाळी जागेवर नव्हती. हुक होता, हुकाखालची पितळी पट्टी होती, जाळी तेवढी गायब. आणि कपाटाचं कुलूप जसंच्या तसं लागलेलं.

आता कुणी म्हणेल, बास्केटबॉलची जुनी मळकी जाळी ती, तिला कोण कशाला हात लावतंय? खरं आहे, बाजारात तिला कुत्रंही विचारणार नाही. पण आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या त्या सहा कॉलेजांना विचारा. हिवाळाभर ही कॉलेजं आपसांत लीग खेळतात, आणि मार्च उजाडला की वरचे चार संघ एका हॉलमध्ये जमून शनिवार-रविवारी काय तो सोक्षमोक्ष लावतात. लीगमध्ये पहिलं कोण आलं ते लोक महिन्याभरात विसरतात. मार्चची स्पर्धा जिंकलेली असेल तर मात्र माणूस गेल्यावर त्याच्या निधनाच्या बातमीतही ते लिहितात.

या स्पर्धेला यंदा चाळीस वर्षं होत होती. रुचा मेनूथच्या विद्यापीठात खेळांच्या इतिहासावर संशोधन करत होती. स्पर्धेचा इतिहास लिहायचं आणि त्याचं प्रदर्शन मांडायचं काम तिच्याकडे आलं आणि ती महिनाभरासाठी सहांपैकी एका कॉलेजच्या गावी, कासलबारला, येऊन राहिली. सहाही कॉलेजांतून तिने विजेत्यांच्या जाळ्या गोळा करून इथे आणल्या होत्या. जाळी का, ढाल का नाही, याचीही एक गंमत आहे. पहिल्याच वर्षी, १९८६ साली, अमेरिकेहून आलेल्या एका कोचने तिकडच्या रिवाजाप्रमाणे शिडीवर चढून कात्रीने जाळी कापली, आणि यजमान कॉलेजचे प्राचार्य भर मैदानात भडकले. जाळी डब्लिनहून मागवावी लागे. सोमवारी पोरांनी खेळायचं कशावर? झालं, कापाकापी बंद. तेव्हापासून जिंकलेला संघ शिडी लावतो आणि जाळीचे बारा लूप रिंगच्या हुकांतून सोडवतो. एकेका खेळाडूने एकेक लूप, चार नंबरच्या जर्सीपासून पंधरा नंबरपर्यंत. प्रत्येकाने आपल्या बुटाची लेस ओढायची, तिचा तुकडा तोडायचा आणि आपल्या लूपला बांधायचा. संघ बाराचा, लूपही बाराच. त्या घामट लेसांसकट जाळी कपाटात जाते. जो अंतिम सामना खेळला नाही त्याचा लूप कॅप्टन सोडवतो आणि रिकामा ठेवतो, मग तो कितीही मोठा खेळाडू असो.

रुचाला या सगळ्या जाळ्यांचा लळा लागला होता. ९१ सालच्या सामन्यात अर्ध्यावर दिवे गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चर्चमधली प्रार्थना चुकवून, अख्खं गाव उरलेला सामना बघायला आलं. २००१ साली गुरांच्या साथीमुळे देशभर खेळच बंद होते, म्हणून त्या हुकावर काहीच नाही. दुसरी कुठलीही जाळी गेली असती तर तिने कपाळावर हात मारून घेतला असता आणि कामाला लागली असती. पण नेमकी हीच गेली, आणि आदल्याच दिवशी तिने एका माणसाला शब्द दिला होता.

२

रविवारी ती डॉ. गोविंद तांबवेकरांकडे जेवायला गेली होती. मिरजेचा माणूस, भूलतज्ज्ञ. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात वर्षानुवर्षं लोकांना गुंगी देण्यात गेली, मग काचबिंदूने हळूहळू दोन्ही डोळे खाल्ले आणि काका घरी बसले. सुलक्षणाकाकूंचं गावात कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. आयरिश बायकांचे लग्नाचे झगे त्या आत घेत आणि बाहेर सोडत. मुलगी पूर्वा पंचविशीतली, त्याच हॉस्पिटलात लोकांचे ईसीजी काढायचं काम करायची. आणि भिंतीवरच्या फोटोत मुलगा, चैतन्य. नऊ नंबरची जर्सी, कानापर्यंत हसू.

दहा वर्षांपूर्वी मार्चमध्ये कासलबारच्या या कॉलेजने, म्हणजे चैतन्यच्या कॉलेजने, ती स्पर्धा जिंकली, पहिली आणि आजतागायत शेवटची. अंतिम सामना पार वर लेटरकेनीला होता. काकांची ड्यूटी, काकू तापाने आडव्या. दोघांनाही जाता आलं नाही. संध्याकाळी चैतन्यचा फोन आला, "आई, आम्ही जिंकलो." काकूंनी ते वाक्य रुचाला दोनदा सांगितलं. त्यानंतर मे महिन्यात तो कॉलेजमागच्या उघड्या कोर्टावर एकटाच बॉल टाकत होता, आणि तिथेच कोसळला. एकोणीस वर्षांचा होता. हृदयाचा स्नायू जन्मतःच जाड, असं नंतर तपासणीत निघालं. त्या दिवसापासून तांबवेकर कुटुंबाने त्या कॉलेजच्या फाटकातून आत पाऊल टाकलं नव्हतं.

"कसलीच पूर्वसूचना नव्हती गं," काका म्हणाले. "मी डॉक्टर आहे, मी सांगतो ना तुला. कुणालाच काही करता आलं नसतं."

हे वाक्य ते सगळ्यांना सांगत असणार, हे रुचाच्या लगेच लक्षात आलं, इतकं ते गुळगुळीत झालं होतं. हा माणूस त्याच एका वाक्यावर दहा वर्षं उभा होता. आणि मग त्यांनी तिच्याकडे मागणं मागितलं. प्रदर्शन शनिवारी उघडतंय ना? मी येतो. मला दिसत नाही, पण बोटं शाबूत आहेत. ती जाळी माझ्या हातात दे, मी मोजत मोजत जातो आणि त्याची लेस हाताला लागली की झालं. पोराने स्वतःच्या हाताने बांधलेली गाठ आहे ती, दुसरं काय राहिलंय आता.

रुचाने हो म्हटलं. नाही कोण म्हणणार? काकूंनी डोळ्याला पदर लावला. पूर्वा आइस्क्रीम आणायला म्हणून उठली आणि इतका वेळ आली नाही, की शेवटी काकूच आत जाऊन घेऊन आल्या.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी गायब.

३

कपाटाची किल्ली कुठे असते हे शोधायला शेरलॉकगिरी करायची गरज नव्हती. चहाच्या खोलीत दारामागे खिळ्याला ती लटकत असायची, दहा वर्षांपूर्वीही तिथेच आणि आजही तिथेच. हॉल दिवसभर उघडा. सकाळी आजीबाई व्यायामाला, दुपारी पोरं खेळायला. कुणीही यावं आणि काढून न्यावं. म्हणजे 'कसं' हा प्रश्नच नव्हता. 'का' हाच प्रश्न होता.

रुचा आधी डेक्लनकडे गेली. डेक्लन हेशन म्हणजे तिथला कोच, २०१६चा संघ त्याचाच. साठीचा, लांबलचक, खांदे पडलेला माणूस. जाळी गेली म्हटल्यावर माणूस दचकेल, चिडेल, निदान 'अरे देवा' तरी म्हणेल. याने खुर्चीत मागे टेकून श्वास सोडला. रुचाने तो श्वास पाहिला आणि मनात नोंदवून ठेवला.

पोलिसांना कळवू या, ती म्हणाली. डेक्लन म्हणाला, कशाला, जाळीच तर आहे. आणि डॉक्टर? शनिवारी त्यांना काय सांगायचं? तर म्हणे, हरवली म्हणून सांग, मी स्वतः सांगतो हवं तर, इट्स ग्रँड, काही बिघडत नाही. हे लोक घर जळत असतानासुद्धा ग्रँड म्हणतील, त्याचं काही नाही. पण ज्याच्या आयुष्यातलं एकमेव विजेतेपद चोरीला गेलं, त्याला इतकं ग्रँड कसं वाटतंय? तिने मग २०१६चा विजेत्या संघाचा फोटो मागितला. बाकी सगळ्या वर्षांचे फोटो मिळाले होते, हाच नव्हता. डेक्लन म्हणाला, घर बदलताना गेला. तो घर बदलून कुठे गेला होता? जन्मल्यापासून त्याच एका गल्लीत राहत होता, हे त्यानेच तिला पहिल्या दिवशी अभिमानाने सांगितलं होतं.

रुचाला तेव्हा वाटलं, यानेच नेली. का ते नंतर बघू, पण यानेच.

मंगळवार तिने याच संशयात काढला. बुधवारी दुपारी हॉलच्या दाराच्या मुठीला एक कापडी पिशवी अडकवलेली दिसली. आत जाळी होती.

४

परत आलेली चोरी ही गेलेल्या चोरीपेक्षा जास्त छळते. रुचाने टेबलावर पांढरा कागद पसरला, जाळी त्यावर गोल मांडली आणि बसली. कुठे फाटलेली नाही, कुठे कापलेली नाही. पहिल्या लूपवर लाल दोऱ्याची खूण, तिथून चार नंबर सुरू. आधी तिने कुठल्याच जाळीच्या लेसा मोजल्या नव्हत्या; आता चार, पाच, सहा करत ती पंधरापर्यंत गेली. बारा लूप, बारा लेसा. सगळं जागच्या जागी. मग नेली कशाला आणि आणली कशाला?

म्हणजे काही काढलेलं नाही. मग काहीतरी घातलेलं आहे का?

ती पुन्हा पहिल्या लूपपासून निघाली, यावेळी डोळ्यांनी नाही, बोटांनी. काका शनिवारी करतील तसंच. लेसा सगळ्या राठ होत्या. घाम, कोर्टाची धूळ आणि दहा वर्षांचं साचलेपण. वाळलेल्या वातीसारख्या कडक झालेल्या. तिचं बोट नऊ नंबरवर आलं आणि थांबलं. ही लेस मऊ होती.

तिने ती खिडकीशी नेली. नवी नव्हती ही लेस. जिथे जिथे बुटाच्या भोकांतून ओढली जायची तिथे तिथे ती चेमटलेली होती, कडेला दोरे सुटले होते. चांगली वापरलेली, जुनी लेस. पण स्वच्छ. नाकाशी नेली तर साबणाचा पुसट वास. कुणीतरी ही लेस धुतली होती, वाळवली होती आणि मग इथे बांधली होती.

आता लक्ष द्या, कारण सगळं कोडं इथे आहे. या स्पर्धेत लेस धुवून बांधत नाहीत. उलट घामासकट बांधण्यातच तर सगळी मजा. लेटरकेनीचा एक म्हातारा खेळाडू रुचाला मोठ्या प्रेमाने म्हणाला होता, की त्यांच्या ८८ सालच्या जाळीला अजून त्या दिवसाचा वास येतो. शिडीवरच्या पोराला लेस धुवायला वेळ कुठला? तेव्हा ही लेस त्या दिवशीची नाही. ही कालपरवा बांधली. आणि कालपरवा बांधली याचा अर्थ, त्याआधी नऊ नंबरचा लूप रिकामा होता.

रिकामा म्हणजे चैतन्य खेळला नव्हता.

तिने २०१६च्या संघाचा कॅप्टन शोधून काढला. फियाक्रा नावाचा मुलगा, आता डब्लिनला ग्रँड कॅनाल डॉकच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा. फोनवर मागे रस्त्याचा आवाज ऐकू येत होता आणि तो जेवायला निघाल्याच्या घाईत होता. तिने चैतन्यचं नाव घेतलं आणि त्याची घाई एकदम संपली. मग म्हणाला, त्या दिवशी आम्ही अकराच होतो. नवाचा लूप मीच सोडवला, रिकामाच ठेवला, नियम आहे. का खेळला नाही ते विचारू नका, ते सांगायचा हक्क माझा नाही. फोटो आहे माझ्याकडे, पाठवतो.

फोटो आला. अकरा पोरं, घामाने डबडबलेली, एकाच्या गळ्यात जाळी. त्यांच्या कडेला चैतन्य, अंगात जाड कोट, तोंडभर हसू. आणि त्याला चिकटून दोन वेण्या घातलेली, शाळेच्या स्वेटरमधली एक मुलगी.

५

फोटो घेऊन रुचा पुन्हा डेक्लनसमोर बसली. त्याने तो हातात घेतला, पालथा ठेवला आणि मग सगळं सांगितलं. त्याला कधीतरी कुणालातरी सांगायचंच असावं, इतक्या सरळ सांगितलं.

त्या वर्षी फेब्रुवारीत खेळाडूंच्या हृदयाची तपासणी झाली होती. चैतन्यच्या ईसीजीत काहीतरी वाकडं निघालं. तज्ज्ञाने बघेपर्यंत खेळायचं नाही, असा निरोप आला. तज्ज्ञाची तारीख मिळाली जूनची. मुलगा एकोणीस वर्षांचा, कायद्याने सज्ञान. त्याच्या परवानगीशिवाय त्याच्या घरी सांगायला डेक्लनला मनाई. त्याने पोराला हात जोडले होते. अरे, तुझा बाप डॉक्टर आहे, आज रात्री जेवताना सांग त्याला. पोरगं म्हणालं, परीक्षा होऊ देत, मग सांगतो. आत्ता सांगितलं तर आई जेवायची थांबेल आणि बाबा मला बॉलला हात लावू देणार नाहीत. एवढंच होतं त्याचं म्हणणं. एकोणीस वर्षांच्या पोराचं म्हणणं असतं तेवढंच.

मेमध्ये तो गेला. डॉक्टर स्मशानात डेक्लनचा हात धरून म्हणाले, पूर्वसूचनाच नव्हती. डेक्लनची जीभ उचलली नाही. मग दिवस गेले, मग वर्षं गेली, आणि असं काही दहा वर्षांनी उठून सांगता येत नाही.

"मी नेली नाही जाळी," तो म्हणाला. "नेण्याचं धैर्य असतं तर तुला आधीच सांगितलं असतं. गेली म्हटल्यावर मला बरं वाटलं, हे मात्र खरं."

रुचाने त्याच्यावर विश्वास ठेवला. त्याचा चेहरा बघून नव्हे, लेस बघून. डेक्लनला किंवा त्या अकरा पोरांना लूप रिकामा असल्याचं माहीत होतं. पण त्यांच्यापैकी कुणी लेस बांधली असती तर ती मळकीच बांधली असती. तोच त्यांचा रिवाज. पायातली वस्तू धुतल्याशिवाय आदराच्या जागी ठेवायची नाही, हे वळण त्यांच्या घरचं नाही. ते वळण रुचाच्या घरचं. बुटाला हात लागला तर हात धू, वहीला पाय लागला तर नमस्कार कर, हे ऐकत मोठ्या झालेल्या माणसाचं. ज्याने लेस बांधली त्याला आपण चुकतोय हे समजलंसुद्धा नसेल, इतकं ते अंगात मुरलेलं असतं.

मग धुणारी माणसं कोण? काका, काकू आणि पूर्वा. पण काका आणि काकू तर चैतन्य खेळला असंच धरून चालले होते. भरलेल्या लूपवर दुसरी लेस बांधायला ती कशाला येतील? रिकामा लूप माहीत असणारं आणि लेस धुणारं असं एकच माणूस उरत होतं. ती फोटोत भावाला चिकटून उभी होती.

६

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत पूर्वा तळ्याकाठच्या बाकावर भेटली. गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र, हातात न उघडलेलं सँडविच. रुचाने काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "कळलं ना तुला?" एरवी मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी पोरगी, पण हे सगळं तिने मराठीत सांगितलं, अडखळत, घरातल्या मराठीत.

दादाने तिला बसमध्ये सांगितलं होतं, लेटरकेनीला जाताना. पंधरा वर्षांची होती ती. कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. परत येताना बूट तिच्या मांडीवर ठेवले, म्हणाला, जूनपर्यंत सांभाळ, माझ्याकडे ठेवले तर मी खेळायला पळेन. मग तो गेला. तेराव्याला आईने त्याच्या सगळ्या चपला-बूट देऊन टाकले. हे बूट पूर्वाच्या कपाटात होते, म्हणून राहिले.

"पण तरी तो खेळलाच ना," ती म्हणाली. "दुसरे बूट घालून खेळला."

रविवारी बाबांनी जाळी मागितली आणि तिला समोरचं काही दिसेना. बाबांची बोटं नवावर जाणार आणि रिकाम्या दोरीवर पडणार. पोरगा खेळला नाही, का नाही, हे विचारायला त्यांना दोन मिनिटं लागणार नाहीत. रुचाताई, त्यांना दुसरं काही नाही गं. कुणालाच काही करता आलं नसतं, एवढं एकच आहे त्यांच्याकडे. ते पण काढून घेऊ? सोमवारी कामावर जायच्या आधी तिने जाळी नेली. लेस धुतली, पण या हवेत काही वाळतंय का, म्हणून बुधवार उजाडला.

रुचाने विचारलं, धुतली कशाला? पूर्वाने तिच्याकडे बघितलं, काय विचारतेय हे तिला कळलंच नाही. बुटाची होती ना, म्हणाली.

रुचाचा जीव कळवळला. तरी तिने सांगितलं ते असं, की मी कुणाला काही बोलणार नाही, लेसही सोडणार नाही, तो तुमच्या घरचा प्रश्न आहे. पण जाळीखालच्या पाटीवर मी अकराच नावं लिहीन. जो खेळला नाही त्याला खेळवायचं माझ्याच्याने होणार नाही.

"लिही ना काय हवं ते," पूर्वा म्हणाली. "बाबांना कुठे दिसतंय?"

बोलून गेली, आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दहा वर्षांत पहिल्यांदा तिला ऐकू आलं असावं, आपण काय करतोय ते. रुचाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सुट्टी संपेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.

७

शनिवारी हॉल भरला. टक्कल पडलेले, पोट सुटलेले जुने खेळाडू आपापल्या वर्षाच्या जाळीसमोर उभं राहून फोटो काढत होते. ९१चे लोक दिवे गेल्याची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. दुपारी काका आले, पूर्वाच्या दंडाला धरून. काकू गाडीतच थांबल्या. त्या कोर्टाच्या बाजूला बघायचंसुद्धा त्यांच्याच्याने होत नव्हतं. काकांनी चांगला कोट घातला होता, टाय बांधला होता.

रुचाने कपाट उघडलं आणि जाळी त्यांच्या तळहातावर ठेवली. डेक्लन लांब भिंतीशी उभा होता, जमिनीकडे बघत. काकांनी लाल दोरा बोटांनी शोधला आणि हळूच मोजायला लागले. चार. पाच. सहा. प्रत्येक लेसेवर अंगठा क्षणभर थांबवत होते, जणू त्या पोरांचीही विचारपूस करत होते. सात. आठ.

पूर्वाने पुढच्या लूपवर आपला हात ठेवला.

"बाबा, थांबा. ही लेस त्याने नाही बांधलेली. मी बांधलीये."

रुचा त्यांना चहाच्या खोलीत घेऊन गेली आणि दार लावून घ्यायला वळली, तर काका म्हणाले, तू थांब. पूर्वाने सगळं सांगितलं, बसपासून बुटांपर्यंत. काका जाळी मांडीवर घेऊन ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं, ईसीजीत नेमकं काय होतं. तिने सांगितलं. दादाने बसमध्ये सांगितलेलं तेव्हा कळलं नव्हतं, पण ती आता रोज असे ईसीजी काढत होती, तिला नेमकं सांगता येत होतं. मग त्यांनी तज्ज्ञाची तारीख विचारली.

"जूनची," ती म्हणाली.

"मी त्याच संध्याकाळी एक फोन केला असता. दुसऱ्या दिवशी बघितलं असतं त्याला. औषध होतं, छातीत यंत्र बसवता आलं असतं. करता आलं असतं."

"हो, बाबा."

रुचाला वाटलं, आता काहीतरी बोलावं, काहीतरी मऊ. पण ते खरं होतं आणि खोलीतल्या तिघांनाही ते माहीत होतं. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"कुणाला काही करता आलं नसतं, असं मी लोकांना सांगायचो," ते म्हणाले. "तू तिथेच असायचीस. जेवणाच्या टेबलाशी."

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

काकांनी हात पुढे केला, हवेत चाचपडले, तिचं डोकं सापडलं आणि ते छातीशी ओढून घेतलं. पोरी, पोरी, एवढंच म्हणत राहिले. मुलगा गेला त्या वर्षी आपली मुलगी गप्प झाली, ते दुःखाने असेल असं आपण धरून चाललो, एकदाही विचारलं नाही, असं काहीतरी ते म्हणत होते. पूर्वा रडत होती, मोठमोठ्याने, पंधरा वर्षांच्या मुलीसारखी.

मग काकांनी नववा लूप शोधला आणि गाठ सोडायला घेतली. पूर्वा मदतीला आली तर तिचा हात बाजूला केला. भूल देणाऱ्या माणसाची बोटं ती, गाठ सुटली. लेस त्यांनी घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि जाळी रुचाकडे दिली. आता लाव, म्हणाले. जशी होती तशी.

रुचाने जाळी हुकावर चढवली. अकरा लेसा आणि एक रिकामा लूप. मागून डेक्लन पुढे आला, काकांच्या समोर उभा राहिला, काहीतरी बोलू लागला. काकांनी त्याला थांबवलं. आज नको, म्हणाले, आज माझ्याच्याने ऐकवणार नाही. पण घरी ये.

ती दोघं बाहेर पडली तेव्हा रुचा दारापर्यंत गेली. पायऱ्यांवर काका थबकले.

"तुझ्या आईला आता सांगायला हवं," ते म्हणाले. "मी सांगतो. तू पुष्कळ सांभाळलंस. तू नुसती शेजारी बस."

ते काकूंच्या बाजूला पुढच्या सीटवर बसले आणि पूर्वा मागे. काचेवर पाऊस भुरभुरत होता, त्यामुळे आतलं धड दिसत नव्हतं. काकूंनी किल्ली फिरवायला हात पुढे केला आणि काकांनी तो हात धरला, एवढं रुचाला दिसलं. मग बराच वेळ गाडी सुरूच झाली नाही.